लॉमोंटाइटचा भुगा

९ ऑक्टो., जळगाव
प्रबंधासाठी पाण्यात जपलेला लॉमोंटाइट गेला. सगळा! भूशास्त्र विभागातून घरी आले तर बरणी पालथी, आणि गच्चीवर ताटात पांढरा भुगा. एक काडी शाबूत दिसली म्हणून बोट लावलं, तीही...
आज कोरडा दिवस. डासांच्या अळ्या शोधायला पालिकेची बाई आली होती. तिच्यासमोर आईनं घरातलं साठलेलं पाणी ओतलं, माझ्या बरणीतलंही. वर स्फटिक पुसून उन्हात वाळत घातले! "मागच्या वर्षी पप्पांना डेंग्यू झाला, विसरलीस?"
बरणीवर 'हात लावू नये' लिहिलं होतं. तिनं चिमट्यानं काढले म्हणे.
फार ओरडले तिच्यावर.

१० ऑक्टो.
सरांना (गाइड) भुगा दाखवला. पुढच्या आठवड्यात पुण्याला स्फटिकाची रचना मोजणाऱ्या मशीनची तारीख. अख्खा, ओला स्फटिक हवा. नाहीतर प्रबंधाचा कणाच मोडला. पाचोऱ्याला शेती करणाऱ्या नानांनी विहिरीत सुरुंग लावला तेव्हा निघालेला, तेवढाच होता.
आई जेवली नाही.

१२ ऑक्टो.
भुग्याचा एक्स-रे. रचना बदललीय. सिलिकेटचा सांगाडा तोच, पण पोकळ्यांतलं पाणी उडालं की आकसतो. वाचलं होतं, हातावर कधी बघितलं नव्हतं.
चिमूटभर पाण्यात भिजवून ओलाच मशीनला लावला. जुनी रचना परत! पुन्हा लावला. तेच. गरम पाण्यानं खडकाच्या पोटात सावकाश घडवलेलं, उन्हानं एका दुपारी मोडलं, आणि नळाच्या पाण्यानं परत आणलं.
पण भुगा तो भुगाच.
आईला सांगितलं. "पाणी परत दिलंस ना? मग जुळत का नाही?"

१३ ऑक्टो.
नानांना फोन. "पोरी, इहीर बठ्ठी बांधी टाकी. खाले एक कपार उघडी शे, पन आते पानी शे तठे." विहीर सगळी बांधलीय, तळाशी उरलेली एक कपार पाण्याखाली; तीत स्फटिक आहे का, त्यांनाही माहीत नाही. पाणी उपसायचं तर शेतात सोडावं लागेल, आणि कापूस वेचायचा बाकी आहे. तरी "ये, देखू" म्हणाले. उद्या सकाळच्या गाडीनं जाते.
सर म्हणाले, नाही मिळाला तर विषय बदलू. एवढी वर्षं, आणि विषय बदलू!
आई दारात उभी राहून ऐकत होती.
"माझ्यामुळं?"
नाही म्हटलं. तिला पटलं नाही. मलाही.