झाकून ठेवलेला हत्ती

रेखा,

सवयीनं वर चि. सौ. लिहायला घेतलं. चि. लिहिलं आणि खोडलं. चिरंजीव कुठली राहिलीस तू? मग नुसतं नाव लिहिलं. सुनेला सासूनं असं कोरडं पत्र लिहू नये, पण राग मानू नकोस.

का लिहितेय ते सांगते. परवा तुझा नंबर लावला. लागला. मी उठून उभी राहिले वेड्यासारखी. पलीकडून कुणी बाई हिंदीत विचारत होती, कौन बोल रहा है. फोनवाल्यांनी तुझा नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला म्हणे. आता तुझ्याशी बोलायला कागदच राहिला. आणि बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण काल गुरुवारी तुझ्या अनूनं तुझं जनावर केलं नाही.

आठवतंय ना सगळं? गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. चाळीतल्या बाकीच्या बाया आठवड्याचं धुणं काढायच्या आणि तू लेकरं गोळा करायचीस. शाळेतून आली की दप्तरं टाकून आपल्या दारात, पोत्यावर. ग्लुकोजची बिस्किटं पिशवीत घालून लाटण्यानं कुटायची. त्यात दुधाची पावडर, तूप, थोडं थोडं दूध. गॅस पेटवायचाच नाही, म्हणजे कुणाचा हात भाजायचं भ्या नाही. मग ज्याला जे पाहिजे ते. हत्ती, ससा, मांजर. मेंढीला अंगभर खोबऱ्याचा कीस. डोळ्यांना बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. फ्रिज नाही आपल्याकडं, तर परात माठाला टेकवून ओल्या फडक्यावर ठेवायचीस आणि जनावरं घट्ट व्हायची.

मी आठवडाभर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून आलेली. मला तो राडा बघवायचा नाही. बिस्किटच आहे, चहात बुडवून खा की सरळ, असं मी दर गुरुवारी म्हणायची. तू म्हणायचीस, "आत्या, तुम्ही एक कासव करा, मग बोला." केलं होतं की एकदा. शेजारच्या बिहारी बाईची गुड्डी त्याला आलू म्हणाली. तू हसून हसून परातीत पडायची राहिलीस.

एक नियम मात्र तुझा कडक. आधी ड्युटीवरच्या माणसाचं जनावर. गुरुवारीसुद्धा कुणाचा तरी ओव्हरटाइम असतोच, कुणाची आई, कुणाचा बाप. त्याचं जनावर करायचं, डोळे लावायचे, वाटीखाली झाकायचं, मग आपलं करायचं. सचिनच्या वाटीखाली बैल असायचा. माझा पोरगा बूट काढायच्या आधी वाटी उचलायचा. मला ते बघायला आवडायचं. तुला कधी बोलले नाही. काय गेलं असतं माझं बोलायला?

माझा रागही आहे तुझ्यावर, तोपण लिहिते. ताप अंगात घेऊन कंपनीत लाइनवर उभी राहिलीस. का? हजेरी चुकेल म्हणून? एका खोलीत झोपायचो आपण, हाताच्या अंतरावर. आत्या, अंग दुखतंय, एवढं म्हणायचं. मी कपाळाला हात लावला नसता? डेंगू निघाला तोवर तू डोळे उघडत नव्हतीस.

आणि तुझ्या नवऱ्यानं काय केलं? दवाखान्यातून रिकाम्या हातानं आला. पोरीनं विचारलं मम्मी कुठंय, तर म्हणाला, मम्मीला डबल ड्युटी लागलीय. दुसरं सुचलंच नाही त्याला. आपल्या चाळीतलं कुठलंही लेकरू डबल ड्युटी म्हटलं की पुढं विचारत नाही. त्याला माहीत असतं, माणूस दमून येतं पण येतं. मी म्हणाले सांगून टाकू. तो म्हणाला, आज नको, आई. गावाकडं तुझा दहावा केला तेव्हा पोरीला गुड्डीच्या आईकडं ठेवलं, तेव्हाही आज नको. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आज नकोच.

मधले काही गुरुवार कुणी बसलं नाही. मग लेकरं दाराशी येऊन उभी राहायला लागली, हातात बिस्किटाचा पुडा. हाकलणार कशी? बसले. मला कणकेची सवय. बिस्किटाच्या चुऱ्यात सरळ तांब्यानं पाणी ओतलं. चिखल झाला. गुड्डी म्हणाली, "दादी, आंटी तो चम्मच से दूध डालती थी." त्या चिखलाचा अनूनं हत्ती केला. सोंड राहीना, गळून पडायची, ती पुन्हा चिकटवायची. डोळे लावले आणि वाटीखाली झाकून ठेवला.

"मम्मीचा," म्हणाली. "दमून येईल ती."

मी काय करायला पाहिजे होतं? सांग ना आता.

दुसऱ्या दिवशी वाटीखाली हत्ती नव्हता. पोर खोलीभर नाचली, मम्मी येऊन गेली, मम्मीनं खाल्ला. मला वाटलं उंदीर. पुढच्या गुरुवारनंतरही तेच. मग एका शुक्रवारी सकाळी मी जरा लवकर उठले, तर सचिन थर्ड शिफ्ट करून आलेला, ओट्यापाशी उभा, वाटी हातात. खात होता. चावत नव्हता, नुसता गिळत होता.

मी म्हटलं, काय रे हे?

"मुंग्या लागतात त्याला," म्हणाला. "टाकू कुठं, आई?"

मी त्याच्या हातातली वाटी घेतली आणि धुवायला बसले.

आता उन्हाळा लागलाय, शाळेला सुट्टी आहे. काल दुपारपासूनच सगळी पोत्यावर बसलेली. ह्या दिवसांत तूप विरघळतं, कुठलं जनावर धड उभं राहत नाही, सगळी पाय पसरून बसतात. अनूनं एकदम ससा करायला घेतला. गुड्डीनं विचारलं, "तेरी मम्मी का हाथी?"

"तिला नाही करणार," अनू म्हणाली. "ती येते, खाते आणि मला उठवत नाही."

सगळी लेकरं तिच्याकडं बघायला लागली. ती सशाला कान लावत राहिली. रेखा, तुझी पोरगी तुझ्यावर रुसलीय गं. मेलेल्या आईवर रुसलीय आणि आई मेलीय हेच तिला माहीत नाही. कंपनीच्या बसनं आलीस की पहिलं तिला उचलायचीस तू, पाय धुवायच्या आधी. आणि तिला वाटतं, मम्मी येते आणि माझ्याकडं न बघता जाते. हे आम्ही केलं तुझ्या पोरीचं.

मग मला राहवलं नाही. हातातला गोळा परातीत ठेवला आणि सांगितलं, "अनू, तुझी मम्मी येत नाही. मम्मी मेली. तापानं मेली." असंच सांगितलं. गोड बोलणं मला येत नाही. देवाघरी गेली म्हणाले असते, तर पोर देवाघरच्या बसची वाट बघत बसली असती.

रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मग हत्ती कुणी खाल्ले?"

सचिन आत झोपलेला, तो उठून दारात आला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"मी," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

तिनं सशाचे डोळे उपटून काढले, त्या दोन गोळ्या मुठीत धरल्या आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. लेकरं एकेक करून उठून गेली. परात तशीच राहिली. सचिन माझ्याशी बोलत नाही. गुड्डीची आई म्हणते, एवढ्याशा पोरीला असं सांगतात का? मग कसं सांगतात? कुणाला येत असेल तर येऊन सांगावं की.

आज संध्याकाळी कंपनीची बस गिरणीच्या कोपऱ्यावर थांबली. निळ्या एप्रनातल्या बाया उतरायला लागल्या. अनू धावली. मी पायरीवरून बघत होते. ती बसच्या दाराशी उभी राहून एकेकीचं तोंड बघत होती. शेवटची बाई उतरली, बस वळून गेली. पोर सावकाश परत आली आणि माझ्याजवळ उभी राहून तिनं विचारलं, "आज्जी, मम्मी कुठंय?"

कालचं सगळं वाया गेलं का? का तिला ते पुन्हा ऐकायचं होतं? मला कळत नाही. माझ्यात आता त्राण नाही गं. तरी सांगितलं. तेच शब्द, तसेच. तिनं माझा पदर धरला. बाकी काही नाही.

ह्यातून पुढं काही बरं होईल असं मला दिसत नाही, आणि तुला खोटं कशाला लिहू? पोरीला तुझ्यासारखं हसवीन, तिची आई होईन, असलं काही मी कबूल करत नाही. ते माझ्यानं होणार नाही. गुरुवारी लेकरं आली तर बसेन, दूध चमच्यानं घालीन. तुझी वाटी धुऊन वरच्या फळीवर पालथी ठेवलीय, ती काढणार नाही.

एवढंच कबूल करते. मम्मी कुठंय, असं तिनं उद्या विचारलं तर उद्या सांगीन. रोज विचारलं तर रोज सांगीन.

तुझी आत्या,
मंगल