तुझं तेल लावणार नाही

प्रिय आई,
तुला नि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू पाठवलेलं तेल पोचलं, पण लावणार नाही.

माझे केस जातायत ती चाई नाही, माझी हयगयही नाही. डॉक्टरबाईंनी डोक्याच्या कातडीचा कणभर तुकडा काढून तपासला. आतली सूज केसांची मुळंच खाऊन टाकते नि तिथे व्रण होतो. "गेले ते परत येणार नाहीत. औषधं उरलेले वाचवण्यासाठी. वर्षभर आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. ते वर्ष मी तुझी तेलं चोळण्यात घालवलं.

सलूनच्या मालकीणबाईंनी मला कात्रीवरून काढून मागे टॉवेल धुवायला लावलंय. "गिऱ्हाइकं बिचकतात गं," म्हणे. माझ्या हाताचं कौतुक करून त्यांनीच मला इथे आणलं होतं.

मावशीने त्या स्थळाला माझा जुना फोटो दाखवलाय, तो परत माग. सोबतचा दे. रुमाल न बांधता काढलाय.

बाबांचा गुडघा कसा आहे?

फोनवर दर वेळी विचारतेस, केस आले का? एकदा विचार, दुखतं का? फार जळतं गं.

तुझी,
थोरली