आक्काबाईचे डोळे

प्रिय मुक्ता,

राजूरला सगळी कशी आहेत? सासूबाईंचा दमा थंडीत उठतो, तो बसला का? जावई राधाकृष्णराव दुखरा पाय आता टेकवतात का? धाकटीचा कान अजून वाहतो का? गरम तेल घालू नकोस, डॉक्टरला दाखव. आणि तू? सगळ्यांचं लिहितेस अन् स्वतःचं तेवढं गाळतेस. इथं तुझी आई दुष्काळी कामावर खडी फोडून येते. हाताला फोड आलेत, तोंड मात्र शाबूत आहे. परवा म्हणाली, लोकांच्या मयताची वाट बघत हिंडणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा हुता! माझं म्हणशील तर जेवण कमी झालंय, ते पुढं सांगतो.

तिचं बोलणं खोटं नाही. देवी येऊन गेल्यापासून शेजारच्या कडूबाईचे डोळे पांढरे पडलेत, तुला ठाऊकच आहे. तिला आता मुलगी झाली. पोरीच्या तोंडावरून बोटं फिरवते आणि मला विचारते, तात्या, नाक माझ्यावर गेलंय का वो? नगरचे डॉक्टर म्हणाले, मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा काचेसारखा पडदा बसवला तर हिला दिसेल. पण तो जीव गेल्यावर काही तासांतच काढावा लागतो. तेव्हापासून दारोदार हिंडतोय. आपली माणसं म्हणतात, पुढच्या जन्मी आंधळं कोण होणार? हुसेनभाई पिंजाऱ्यांनी चहा पाजला अन् म्हणाले, तात्या, देह अल्लाची अमानत, तो वाटणारे आपण कोण? ख्रिस्ती वस्तीतल्या मास्तरांनी विचारलं, शेवटच्या दिवशी उठल्यावर प्रभूला पाहू कशानं? सगळी प्रेमानंच बोलली. रागवावं तरी कुणावर?

एकटी वरच्या आळीतली म्हातारी आक्काबाई हो म्हणाली. मेल्यावर मला कुठं सुईत दोरा ववायचाय, घ्या की! मागच्या आठवड्यात सकाळी ती गेली. निरोप धाडला, डॉक्टरांची जीपही आली. पण तिचा मुलगा गोरक्षनाथ दारात आडवा. माझी बहीण कर्जतहून येईल, आईचं तोंड बघेल, मग काय ते करा. लेकीनं बघायच्या आधी मयताला हात लावायचा नाही, ही आपली रीतच. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, चेहरा आहे तसाच दिसतो. पण नाहीच. थांबून थांबून शेवटी, आता उपयोग नाही, म्हणून ते रिकाम्या हातांनी गेले. लेक रतनबाई दिवेलागणीला पोचली. तिनं पाहिल्या त्या आईच्या मिटलेल्या पापण्याच. कडूबाई अंगणात पोर मांडीवर घेऊन बसली होती. जीप गेल्याचा आवाज तिनं ऐकला होता. आता मी आलो की ती पोरीला उचलून आत जाते.

आता माझं. पोटात गाठ आहे. पावसाळा बघेन असं डॉक्टरांना वाटत नाही. माझे डोळे कडूबाईसाठी घ्या, असं त्यांना सांगून ठेवलंय. पण तुझा भाऊ आप्पासाहेब आत्तापासूनच म्हणतो, मुक्ता आल्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. राजूरहून एसटीनं यायचं म्हणजे तुझा अख्खा दिवस जाणार. म्हणून म्हणतो पोरी, आत्ताच ये. उघड्या डोळ्यांनी मी तुला बघतो, तू मला बघ. आणि आप्पाला तुझ्या हातानं लिही, की तात्या गेल्यावर माझी वाट बघू नका. तू लिहिशील असं फारसं वाटत नाही. तुझ्या जागी माझाही हात धजला नसता. अन् लिहिलंस तरी जीप वेळेवर येईलच असं कुठं? तरी हो की नाही ते लवकर कळव, मला वाचता येतंय तोवर.

तुझाच,
तात्या