हरेलीच्या दिवसाचा निरोप

रायपूर,
२६ जुलै

ती. बाबांना
स्वरदाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. फोन सोडून पत्र काय लिहिते, असं तुम्हाला वाटेल. शार्दूलदादा उद्या पहाटे साकोलीला निघतोय, त्याच्या हाती देते आहे. धानाची रोवणी आटोपली का? आईचा गुडघा कसा आहे?

रोज मोबाइलवर हवामानाचा बोलका निरोप पाठवणाऱ्या आमच्या सेवेबद्दल शेतकऱ्यांना काय वाटतं याची पाहणी झाली, हे मी सांगितलं होतं. मंटोराबाई नावाची धान पिकवणारी एक बाई म्हणाली होती, "साहब मन गाडी ले नइ उतरंय, दीदी रोज कान म गोठियाथे." साहेब गाडीतून उतरत नाहीत, दीदी, म्हणजे मी, मात्र रोज कानात बोलते. किती फुशारले होते मी! तुम्ही तर चहाच्या टपरीवर माझे निरोप लावत सुटलात, "माही पोट्टी सांगून राहिली, ऐका!"

परवा हरेली होती, आपली दिव्याची अवस. त्या दिवशी इथे नांगर-कुदळ धुऊन पूजतात, शेतात कोणी काम करत नाही. हे ठाऊक असूनही माझा निरोप गेला: आज आभाळ उघडं राहील, युरिया टाकून घ्या. तारीख आम्ही बोलत नाही, निरोप लांबतो म्हणून. मंटोराबाईने तो मोबाइलमध्ये जपून ठेवला. काल विजेच्या इशाऱ्याचा नवा निरोप गेला, पण तिच्या गावचा मोबाइल टॉवर बंद होता. दुपारी तिने परवाचाच बायकांना ऐकवला आणि त्यांना घेऊन शेतात गेली. ढग दाटले होते. एक जण परत फिरू म्हणाली, तर ही म्हणाली, "दीदी बोले हे, नइ गिरय पानी."

वीज पडली. बाकीच्या बांधावर होत्या, वाचल्या. मंटोराबाई इथल्या मोठ्या दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही.

सकाळी तिथे गेले. वाटलं, तिचा नवरा गळाच धरेल. धरला असता तर बरं झालं असतं. तो हात जोडून म्हणाला, "दीदी, ओकर कान म बोल दे न. तोर आवाज ला चिन्ह डारही." माझा आवाज ती ओळखेल म्हणे! मी वाकले, आणि बाबा, नुसती तिची चादर सारखी करून मागे सरले. ऊठ म्हणू? आजवर तिने माझं सगळं ऐकलं. हे एकच ऐकलं नाही तर?

संध्याकाळी परत बोलावलंय. जाते आहे. फार भीती वाटते.

तुमच्या मोबाइलमध्ये माझे निरोप साठवलेले आहेत. माझा फोन आला की तोही तुम्ही टेप करता, म्हणून आज केला नाही. सगळं पुसून टाका. जीव होणार नाही तुमचा, तरी पुसा. शेतात निघताना आधी वर बघा, आणि आभाळ काळं असेल तर मी काहीही सांगितलेलं असो, घरी थांबा.

घाबरलेली
तुमची पोट्टी,
स्वरदा