घोडीच्या शेपटीची लाल रिबीन

बाबा,

घोडीला घेऊन प्रदर्शनाला निघाले. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

सकाळी तुम्ही तिच्या शेपटीची वेणी घातलीत, ती तशीच ठेवली आहे. एक केस इकडचा तिकडे नाही. परीक्षक खोट शोधून दमतील. तुमची बोटं काही विसरलेली नाहीत.

फक्त टोकाची लाल रिबीन सोडून घेतली. शेपटीला लाल रिबीन म्हणजे घोडी लाथा मारते, लांब राहा, हे मला तुम्हीच शिकवलंत. आपली घोडी तर गरीब गाय. ती रिबीन माझी, शाळेतली. मला शाळेसाठी तयार करताय असं वाटलं असेल तुम्हाला. असू दे.

डबा ओट्यावर आहे. गॅस खालून बंद केलाय. आत्या येईपर्यंत बाहेर पडू नका. आणि तिला "तुम्ही कोण" असं विचारू नका, मागच्या वेळी ती रडली.

संध्याकाळी बक्षीस घेऊनच येते. रिबीन मी माझ्या वेणीला बांधली आहे. आपल्या घरात लाथा कोण मारतं, ते मैदानावर सगळ्यांना कळलेलं बरं.

धाकटी