गेटवरची टेस्ट

२६ फेब्रुवारी २०२१, शुक्रवार

झाला नियम! सोसायटीत येणाऱ्या कामवाल्या बायका, दूधवाला, वॉचमन — सगळ्यांची दर सोमवारी गेटवर कोरोनाची टेस्ट. निगेटिव्ह असेल तरच आत. सेक्रेटरी आमचेच हे, तेव्हा ग्रुपवर वाहवा चालू आहे. मी विचारलं, "आणि आपली?" तर म्हणे, "आपल्याला काय धाड भरली आहे?" रोज मनीषनगर ते इतवारी भटकणारे हेच!

२७ फेब्रुवारी

विहंग पुण्याहून आला, स्वतःच्या साखरपुड्याला. खोकतोय. "एसीने गं, आई." आमच्या स्वयंपाकाच्या प्रयागबाईने त्याला लहानपणी कडेवर खेळवलेलं — तिला कुठे राहवतंय! स्वयंपाक टाकून आधी वाफ दिली. मग कापूर घालून कोमट तेल छातीला चोळलं. "पोरगं सुकून गेलं बाई! तिकडे खायले देत नाही काय?" हे दारात उभे राहून बघत होते. आत मात्र आले नाहीत.

१ मार्च, सोमवार

प्रयागबाई उन्हात रांगेत. निगेटिव्ह.

"नाकात काडी घालते तं डोळ्यातून पानी येते, बाई. आमचीच काहून करून राहिले? तुमच्या लोकायची नाही करत?"

तिला चहा दिला.

४ मार्च

अंग मोडून आलंय. पोह्यांवर लिंबू पिळलं, वासच नाही. टेस्ट करते म्हटलं तर हे अंगावर आले — "दारावर बोर्ड लावून जातील! मुलीकडचे काय म्हणतील?" क्रोसिन घेतली आणि पडून राहिले.

७ मार्च

साखरपुडा झाला. पेढा गोड होता म्हणे.

८ मार्च, सोमवार

प्रयागबाई पॉझिटिव्ह! गेटवरूनच परत पाठवली. आज महिला दिन — ग्रुपवर सकाळपासून गुलाबाची फुलं. त्याच्या खाली ह्यांचा मेसेज: "कामवाल्यांमुळे शिरकाव. नियम किती योग्य होता ते पहा."

तळपायाची आग मस्तकात गेली. ती आपल्याच घरांशिवाय जाते कुठे? छाती कुणाची चोळली होती तिने? आणि मागच्या सोमवारी निगेटिव्ह होती ना, मग आठवडाभर सगळ्यांची स्वयंपाकघरं तिला मोकळी! आता तीन घरांत खोकला आहे. टेस्ट एकाचीही नाही.

१५ मार्च

प्रयागबाईचा फोन. तिला उतार आहे, पण तिचे मालक देवराव — इतवारीत हातगाडी ओढतात — दम लागून पडलेत. बेड मिळत नाही. आणि वर मलाच विचारते, "बाई, माह्यामुळं तुमच्या घरी कोनाले तरास तं नाही झाला ना? दादा बरे हायेत?"

मी "हो, बरा आहे" एवढंच म्हटलं. लाज वाटते स्वतःची.

२३ मार्च

देवराव गेले. ह्यांनी ग्रुपवर जोडलेले हात टाकले — "भावपूर्ण श्रद्धांजली"!

२४ मार्च

विहंगला समोर बसवून विचारलं. रडला. टेस्ट त्याने पुण्यातच केली होती. पॉझिटिव्ह. पंचवीस फेब्रुवारीला बाबांना फोन करून सांगितलं होतं. "बाबा म्हणाले, तू ये, मी बघतो."

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सव्वीसला, ह्यांनी गेटवरचा नियम केला होता.