टेपवरची करंगळी

१४ मार्च, मंगळवार

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला थांबलाय, पण औषध म्हटलं की अजून नाक मुरडतात. बाइंडिंगच्या दुकानात नवं कटिंग मशीन आलंय. मालक मला त्याच्या आसपास फिरकू देत नाहीत. तुझी एक करंगळी कायमची ताठ झाली तेवढं पुरे, म्हणतात.

बँडवाल्यांना तेच तेच ऐकून कंटाळा आलाय, आयत्या वेळी सुचलेलं काही हवंय, म्हणून ट्रायडच्या आकृत्या मागितल्यास. जमलं तर वाजवून एक कॅसेटही. आकृत्या मागच्या पानावर काढल्यात. बारीक तीन तारा, प्रत्येकीवर एक स्वर. एकाच कॉर्डचे तेच तीन स्वर गिटारच्या मानेवर तीन ठिकाणी सापडतात, प्रत्येक ठिकाणी आकार वेगळा. पण आकार पाठ करून भागत नाही रे. एकातून दुसऱ्यात जाताना वाटेत काय भेटतं ते ऐकायचं असतं. किती वेळा सांगितलं, पण तुला नेहमी आयता घास हवा.

कॅसेट पाठवत नाही.

गेल्या आठवड्यात तुमचा ड्रमर दुकानात आला होता. इथे बहिणीकडे उतरलाय, जुन्या वह्या बांधून हव्या होत्या. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी वाजवत बसले होते, तर तो दारातच थबकला.

"हे मी ऐकलंय," म्हणाला. "वरचा स्वर करंगळीने घ्यायचा सोडून अख्खा आकार दोन घरं वर सरकवायचा आणि परत आणायचा. आमच्या गिटारवाल्याच्या निवडीच्या कॅसेटवर असंच आहे. स्टेजवर मात्र तो कधी करत नाही."

मी म्हटलं, "त्याची करंगळी धड आहे."

बँडच्या त्या एका जागेसाठी आपण दोघांनी एकेक कॅसेट भरली होती. दोन्ही पोचवायला तू गेलास. त्यांच्याकडे एकच पोचली. माझी, वर तुझं नाव.

जागा गेल्याचं मी सोसलं असतं. पण त्या संध्याकाळी तू मान खाली घालून म्हणालास, "ताई, त्यांना तुझं नाही आवडलं." आणि मी तुझीच समजूत घातली. मनाला लावून घेऊ नकोस, तू जा, म्हटलं. मग वर्षभर मी गिटारला हात लावला नाही. असल्या बोटांनी हा नाद करूच नये, असं स्वतःला बजावत राहिले. तू सुट्टीला आलास, खोळीतली गिटार बघितलीस, आणि जेवून झोपलास. केसाने गळा कापलास तू माझा. फार लागलंय मला.

ड्रमरने शनिवारी सरावाला बोलावलंय. मी येतेय. तोवर गप्प राहायचं त्याने कबूल केलंय. तुम्ही नऊला जमता ना? मी साडेनऊला दार वाजवीन. तोवर तुझ्या तोंडाने त्यांना सांगितलेलं असलं, तर तुझ्या शेजारी बसेन. नसलं, तर मी फक्त वाजवीन. पुढचं त्यांना ऐकू येईलच.

त्या अर्ध्या तासापुरती तरी तुझीच,
ताई